सुवाह्य जीपीएस दिशादर्शक

सुवाह्य जीपीएस दिशादर्शक हे मोटारगाडीच्या काचेवर किंवा डॅशबोर्डवर बसवता येणारे आणि एका गाडीतून काढून दुसऱ्या गाडीत नेता येणारे, वाट दाखवणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण होय. उपग्रहांकडून येणाऱ्या संदेशांवरून ते स्वतःचे स्थान ठरवते, ते स्थान आपल्या स्मृतीतील नकाशावर बसवते आणि इच्छित ठिकाणापर्यंतचा रस्ता पडद्यावर व आवाजाने सांगते. गाडीत कारखान्यातच बसवलेली यंत्रणा आणि मोबाइलवरील नकाशाचे अ‍ॅप हे त्याच कामाचे दुसरे दोन प्रकार आहेत. मराठीत ‘दिशादर्शक’ हा शब्द रूढ होत असला, तरी कामाच्या दृष्टीने ‘वाटाड्या’ हा जुना शब्द या उपकरणाला अधिक शोभतो. कारण दिशा होकायंत्रही दाखवते, वाट सांगण्यासाठी मात्र त्या मुलखाची माहिती असावी लागते. उपकरणाची निवड करताना नेमका हाच भेद महत्त्वाचा ठरतो. उपग्रहांचे संदेश सर्वांना सारखेच आणि विनामूल्य मिळतात. वाटाड्यापणाची प्रत ठरते ती नकाशावरून.

स्थान कसे कळते

जीपीएस म्हणजे ‘ग्लोबल पोझिशनिंग सिस्टीम’ ही अमेरिकेच्या संरक्षण खात्याने उभारलेली यंत्रणा आहे. तिचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडण्यात आला. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून किमान २४ उपग्रह पृथ्वीभोवती दिवसातून दोनदा फिरत असतात. प्रत्येकावर आण्विक घड्याळ असते आणि प्रत्येक उपग्रह ‘मी या क्षणी येथे आहे’ एवढेच अखंड सांगत राहतो. गाडीतील उपकरण तो संदेश पोहोचायला लागलेला वेळ मोजते आणि त्यावरून उपग्रहाचे अंतर काढते. तीन अंतरांवरून स्थान निश्चित करता येते. परंतु उपकरणातील साधे घड्याळ आण्विक घड्याळाइतके अचूक नसल्याने ती चूक दुरुस्त करण्यासाठी चौथा उपग्रह लागतो. एका सेकंदाच्या दहालाखाव्या भागाची चूक झाली, तरी अंतर ३०० मीटरने चुकते. उपग्रहांचा वेग आणि तेथील क्षीण गुरुत्वाकर्षण यांमुळे त्यांवरील घड्याळे जमिनीवरील घड्याळांच्या तुलनेत दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादानुसार ही दुरुस्ती केली नाही, तर एका दिवसात दहा किलोमीटरांहून अधिक गोंधळ होईल. भौतिकशास्त्राच्या वर्गात अवघड वाटणाऱ्या सिद्धान्ताचा इतका रोजचा उपयोग क्वचितच आढळतो.

एक सार्वत्रिक गैरसमज येथे दूर करणे आवश्यक आहे. जीपीएस उपकरण केवळ ऐकते, बोलत नाही. ते उपग्रहाला काहीही कळवत नाही, आणि त्याला मोबाइलचे नेटवर्क किंवा इंटरनेट लागत नाही. इंटरनेट लागते ते नकाशा उतरवून घेण्यासाठी, ताज्या रहदारीची माहिती मिळवण्यासाठी आणि पहिले स्थान लवकर सापडावे म्हणून. उपग्रह आपली माहिती सेकंदाला अवघ्या ५० बिट इतक्या संथ गतीने पाठवतात. त्यामुळे पुष्कळ दिवस बंद असलेले उपकरण सुरू केल्यावर त्याला स्थान सापडायला अर्ध्या मिनिटापासून काही मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. मोबाइलला हीच माहिती नेटवर्कवरून आयती मिळते, म्हणून तो तत्पर भासतो.

आज अमेरिकेच्या यंत्रणेबरोबरच रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बैदू या यंत्रणाही कार्यरत आहेत. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने स्वतंत्र प्रादेशिक यंत्रणेचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी, तर सातवा २८ एप्रिल २०१६ रोजी सोडला. या यंत्रणेला ‘नाविक’ हे नाव देण्यात आले. भारत आणि त्याभोवतीचा सुमारे १,५०० किलोमीटरचा प्रदेश हे तिचे कार्यक्षेत्र आहे. पहिल्या पिढीतील नाविक उपग्रह सर्वसाधारण उपकरणे ज्या लहरीपट्ट्यावर ऐकतात त्यावर बोलत नसत. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून तो पट्टाही समाविष्ट करण्यात आला. त्यामुळे खोक्यावर ‘नाविक’ असे छापलेले असले, तरी आतील चिप कोणते पट्टे ऐकते हे तपशीलपत्रकात पाहणे इष्ट. अनेक यंत्रणांचे संदेश एकत्र घेणारे उपकरण उंच इमारतींच्या दाटीत किंवा घाटात अधिक स्थिर राहते. मोकळ्या माळावर मात्र हा फरक फारसा जाणवत नाही.

इतिहास

गाडीतील वाटाड्याचे पहिले नमुने उपग्रहांवाचूनच तयार झाले. होंडा कंपनीने १९८१ मध्ये जपानात आणलेले उपकरण वायूवर चालणाऱ्या दिशासंवेदकाने गाडीची वळणे मोजत असे आणि पारदर्शक नकाशावर ठिपका पुढे सरकवत असे. अमेरिकेतील ईटॅक कंपनीने १९८५ मध्ये कॅसेटवर नोंदलेले नकाशे वापरले. पॅसिफिक महासागरातील दर्यावर्दी बेटांच्या सापेक्ष गतीवरून नौका हाकारत. त्यांच्या त्या पद्धतीचे नाव या कंपनीने घेतले होते.

१ सप्टेंबर १९८३ रोजी भरकटलेले एक कोरियन प्रवासी विमान सोव्हिएत संघाने पाडले आणि २६९ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी जीपीएस नागरी वापरासाठी खुले करण्याचे जाहीर केले. तरीही नागरी संदेशांत मुद्दाम चूक मिसळली जात असे आणि त्यामुळे स्थान १०० मीटरपर्यंत हलत असे. १०० मीटरांत भिवंडीतील दोन-तीन गल्ल्या सहज मावतात. मे २००० च्या प्रारंभी ही मिसळ बंद करण्यात आली आणि गाडीसाठी जीपीएस खऱ्या अर्थाने उपयोगी ठरले. पुढे गार्मिन, टॉमटॉम यांसारख्या कंपन्यांची काचेला चिकटणारी उपकरणे जगभर पसरली. टॉमटॉमचे ‘गो’ हे उपकरण २००४ मधील आहे. ऑक्टोबर २००९ मध्ये गुगलने अमेरिकेत अँड्रॉइड मोबाइलवर वळणावळणाचे मार्गदर्शन विनामूल्य दिले, तेव्हा या दोन्ही कंपन्यांच्या समभागांच्या किमती एका दिवसात मोठ्या प्रमाणात घसरल्या. स्वतंत्र उपकरणांचा बाजार त्यानंतर आक्रसत गेला. मात्र नाहीसा झाला नाही.

भारतात १९९५ मध्ये स्थापन झालेल्या मॅपमायइंडिया या कंपनीने आणि हैदराबादच्या सॅटनॅव्ह टेक्नॉलॉजीज या कंपनीने २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात अशी उपकरणे बाजारात आणली. मॅपमायइंडियाची सेवा आता ‘मॅपल्स’ या नावाने ओळखली जाते. भारतीय नकाशांची स्थिती इतर देशांहून वेगळी होती. १७६७ पासून कार्यरत असलेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाचे तपशीलवार नकाशे दीर्घकाळ सर्वसामान्यांना सहज उपलब्ध नव्हते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने ते काही अंशी खुले केले. १५ फेब्रुवारी २०२१ रोजीच्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय संस्थांना पूर्वपरवानगीशिवाय नकाशे तयार करण्याची मुभा दिली. एक मीटरपेक्षा सूक्ष्म अचूकतेची माहिती परदेशी कंपन्यांनी भारतीय संस्थांकडून परवान्यानेच घ्यावी, असेही ठरले. याच मार्गाने जुलै २०२२ मध्ये रस्त्यांची छायाचित्रे दाखवणारी सेवा भारतात परतली, तेव्हा ती छायाचित्रे मुंबईची जेनेसिस इंटरनॅशनल आणि टेक महिंद्रा या भारतीय कंपन्यांनी घेतलेली होती. खाजगी नकाशा कंपन्यांनी आपले नकाशे रस्तोरस्ती माणसे फिरवून तयार केले आहेत, हे ध्यानात ठेवल्यास शहरात नकाशा चोख आणि तालुक्याच्या टोकाला विरळ का असतो, याचा उलगडा होतो.

नकाशाची पारख

दुकानात उपकरण हाती घेतल्यावर ग्राहकाचे लक्ष प्रथम पडद्याच्या आकाराकडे जाते. वास्तविक पहिला प्रश्न ‘यातील नकाशा कोणाचा आणि कधीचा?’ हा असावा. महाराष्ट्रात नकाशाचे वय ओळखण्याची एक सोपी रीत आहे: अलीकडे सुरू झालेले रस्ते त्यात शोधावेत. शिवडी ते न्हावाशेवा हा सागरी सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला. नागपूरहून येणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग टप्प्याटप्प्याने सुरू झाला: नागपूर ते शिर्डी ११ डिसेंबर २०२२ रोजी, शिर्डी ते भरवीर मे २०२३ मध्ये, भरवीर ते इगतपुरी मार्च २०२४ मध्ये आणि इगतपुरी ते भिवंडी तालुक्यातील आमणे हा अखेरचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. समृद्धी महामार्ग इगतपुरीला संपताना दिसत असेल, तर त्या नकाशात किमान हा बदल आलेला नाही, हे उघड आहे. महामार्गांच्या क्रमांकांवरूनही अंदाज बांधता येतो. २०१० मध्ये राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक देण्यात आले. मुंबई–गोवा महामार्ग १७ चा ६६ झाला, मुंबई–पुणे महामार्ग ४ चा ४८ झाला. एखादे जुने उपकरण अजूनही जुनाच क्रमांक उच्चारत असेल, तर त्याने इतर किती गोष्टींची नोंद घेतली नसेल याची कल्पना करता येते.

नावांच्या बाबतीत नवे आणि जुने दोन्ही सापडणे हे चांगल्या नकाशाचे लक्षण आहे. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावे २०२३ मध्ये, तर अहिल्यानगर हे २०२४ मध्ये अधिकृत झाले. परंतु जुन्या पावत्यांवर, दुकानांच्या पाट्यांवर आणि लोकांच्या तोंडी जुनी नावे अद्याप आहेत. दोहोंपैकी कोणत्याही नावाने शोध घेता आला पाहिजे. देवनागरीत लिहून ठिकाण सापडते का, हेही तपासावे. रोमन लिपीत ‘काल्हेर’ किंवा ‘रहनाळ’ यांसारख्या नावांची तीन-चार प्रकारची अक्षरजुळणी आढळते आणि नेमकी नकाशाकाराने कोणती वापरली हे ओळखण्यात चालकाचा वेळ जातो. आपल्याच गावाचे नाव परक्या लिपीत अंदाजाने लिहावे लागणे ही या उपकरणांची फारशी चर्चा न झालेली गैरसोय आहे.

नकाशात रस्ता रेखलेला असणे आणि तो जोडलेला असणे यांतही अंतर आहे. उपकरणाच्या दृष्टीने रस्ते म्हणजे बिंदूंना जोडणाऱ्या रेषांचे जाळे असते. प्रत्येक रेषेला लांबी, अपेक्षित वेग, एकदिशा आहे की नाही, कोणत्या वळणास मनाई आहे, असे गुण चिकटवलेले असतात. या जाळ्यातून सर्वांत कमी वेळाची वाट काढण्याची मूळ गणिती पद्धत डच शास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केली. आजची उपकरणे तिच्याच सुधारित आवृत्त्या वापरतात. पद्धत निर्दोष आहे. दोष शिरतो तो गुणांत. राज्यमार्ग म्हणून नोंदलेल्या रस्त्यावर गाडी अमुक वेगाने जाईल असे उपकरण गृहीत धरते. त्या रस्त्यावर खड्डे आहेत हे त्याला ठाऊक नसते.

शेलार परिसरातील कसोटी

भिवंडी शहराला लागून, कामवारी नदीवरील नदीनाक्यापलीकडे वाड्याच्या रस्त्यावर असलेले शेलार हे अशा उपकरणाच्या परीक्षेसाठी उत्तम ठिकाण आहे. यंत्रमाग, गोदामे, अरुंद गल्ल्या, अवजड वाहने आणि सतत बदलणारे रस्ते हे सारे येथे काही किलोमीटरांत एकवटले आहे. राज्याच्या आणि परराज्यांच्या अनेक भागांतून येणारे चालक येथे प्रथमच येत असतात. वाट चुकलेली मोटार मागे वळते. वाट चुकलेला लांबलचक कंटेनर गल्लीत शिरला, की तो स्वतःच अडतो आणि सर्वांनाच अडवतो.

पहिली कसोटी नावांची. शेलारच्या शेजारी खोणी आणि काटई ही गावे आहेत. याच नावांची दुसरी दोन गावे शेजारच्या कल्याण तालुक्यात, डोंबिवलीच्या पुढे शिळ आणि तळोजाच्या बाजूला आहेत. आणि योगायोग असा, की ती दोन्हीही एकमेकांपासून जवळ आहेत. म्हणजे ‘खोणी, काटईच्या पुढे’ असा पत्ता सांगितल्यास तो दोन्हीकडे लागू पडतो! मध्ये उल्हास नदी, कल्याण शहर आणि त्या भागातील ख्यातनाम वाहतूककोंडी. शोधाच्या यादीत केवळ ‘खोणी, ठाणे’ असे दाखवणारे उपकरण येथे निरुपयोगी ठरते. तालुका किंवा पिनकोड दाखवणारे उपयोगी. भिवंडीचा पिनकोड ४२१३०२ आहे, तो पत्त्यात जोडून पाहावा.

गावाचे नाव बरोबर निघाले, तरी गोदामाचा दरवाजा सापडेलच असे नाही. या भागातील पत्ते बहुधा खुणेचे असतात: अमुक कंपाउंड, तमुक गाळा, मंदिरामागे, पेट्रोलपंपासमोर. अशा वेळी अक्षांश-रेखांश हाच भरवशाचा पत्ता. भिवंडी शहर सुमारे १९.३० अंश उत्तर आणि ७३.०६ अंश पूर्व येथे आहे. दशांशचिन्हानंतर चार अंक दिले, की जागा सुमारे ११ मीटरपर्यंत निश्चित होते. आकडे सांगताना चूक होते म्हणून त्यांचे छोटे संकेत तयार करण्यात आले आहेत. भारतीय टपाल विभागाने मे २०२५ मध्ये ‘डिजिपिन’ हा दहा अक्षरांचा संकेत आणला. सुमारे चार मीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकोनाला तो स्वतंत्र ओळख देतो. उपकरण निदान अक्षांश-रेखांश स्वीकारते का, हे विकत घेण्यापूर्वी करून पाहावे. काही स्वस्त उपकरणांत ही सोय यादीच्या तळाशी दडलेली असते.

दुसरी कसोटी उड्डाणपुलांची. मुंबई–नाशिक महामार्गावर माणकोली आणि रांजणोली येथे मुख्य रस्ता वरून जातो व गावाकडे वळणारी वाहतूक खालून. मोकळ्या आकाशाखालीही सामान्य उपकरणाचे स्थान सुमारे पाच मीटर इकडेतिकडे असते, आणि उंचीच्या बाबतीत चूक आणखी मोठी असते. त्यामुळे गाडी पुलावर आहे की पुलाखाली, मुख्य रस्त्यावर आहे की सेवारस्त्यावर, हे उपकरणाला केवळ उपग्रहांवरून कळत नाही. ते मागील हालचालीवरून तर्क करते. तर्क चुकला, की वळण मागे पडते आणि पुढील फाट्यापर्यंत जाऊन परतावे लागते. मार्गिका दाखवणारे, म्हणजे ‘डावीकडील दोन पट्ट्यांत राहा’ असे फाट्याच्या पुरेसे आधी सांगणारे उपकरण अशा ठिकाणी आपली किंमत वसूल करते.

तिसरी कसोटी वाहनाच्या आकाराची. शहरात आणि महामार्गाच्या काही भागांत अवजड वाहनांना ठरावीक वेळी प्रवेशबंदी असते; वाहतूक पोलीस अधिसूचना काढून वेळा बदलतात. मोटारीसाठीचा नकाशा हे काहीच जाणत नाही. वाहनाची उंची, रुंदी व वजन विचारून त्याप्रमाणे रस्ता निवडणारी मालमोटारींची खास उपकरणे परदेशांत वापरात आहेत. मात्र त्यांचा उपयोग नकाशात कमी उंचीचे पूल आणि वजनमर्यादा नोंदलेल्या असतील तरच. ही नोंद नसताना तेच उपकरण घेणे म्हणजे मोठ्या पडद्यासाठी पैसे मोजणे होय.

उरते ती वेळेच्या अंदाजाची बाब. भिवंडी–वाडा रस्त्यावरील खड्डे हा दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांचा विषय असतो, आणि पावसाळ्यात कामवारीला पूरही येतो. इंटरनेटशी जोडलेले उपकरण रस्त्यावरील इतर मोबाइलधारकांच्या प्रत्यक्ष वेगावरून अंदाज सुधारते. न जोडलेले उपकरण जानेवारीत आणि जुलैत एकच वेळ सांगते.

बोगदे, घाट आणि नेटवर्क नसलेले भाग

समृद्धी महामार्गाच्या इगतपुरी–आमणे टप्प्यात सुमारे आठ किलोमीटर लांबीचे जुळे बोगदे आहेत. बोगद्यात उपग्रहांचे संदेश पोहोचत नाहीत. साधे उपकरण तेथे थबकते किंवा शेवटच्या वेगाने ठिपका पुढे ढकलत राहते. कारखान्यातून बसवून येणाऱ्या यंत्रणेला गाडीच्या चाकांचे फेरे मोजता येतात, त्यामुळे ती बोगद्यातही अंतर बरोबर धरते. सुवाह्य उपकरणाला हा लाभ नसतो. बोगद्याला फाटे नसल्यास बिघडत नाही, परंतु बाहेर पडताच वळण असेल, तर चालकाने ते आधीच पाहून ठेवावे.

कसारा आणि माळशेज घाटाचे काही भाग, तसेच जव्हार–मोखाड्याकडील रस्ते येथे मोबाइलचे नेटवर्क अधूनमधून जाते. येथे स्वतंत्र उपकरणाचा मोठेपणा दिसतो, कारण संपूर्ण देशाचा नकाशा त्याच्या पोटात असतो. मोबाइलवरही जिल्ह्याचा नकाशा आधी उतरवून ठेवता येतो. बहुतेक लोक तो ठेवत नाहीत, एवढाच प्रश्न. स्वयंसेवकांनी घडवलेल्या ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या २००४ मध्ये सुरू झालेल्या मुक्त नकाशावर आधारित ऑर्गॅनिक मॅप्स, ऑसमअँड यांसारखी अ‍ॅप्स पूर्णपणे इंटरनेटविना चालतात. त्यांत गावातला चुकलेला रस्ता कोणालाही दुरुस्त करता येतो. अर्थात दुरुस्त करणारा कोणी त्या गावात असावा लागतो.

उपकरण की मोबाइल

ज्याच्याकडे बऱ्यापैकी मोबाइल आहे आणि जो मुख्यतः शहरात व महामार्गावर गाडी चालवतो, त्याला आज स्वतंत्र उपकरणाची गरज क्वचितच पडते. भक्कम धारक, चांगला चार्जर आणि उतरवून ठेवलेला नकाशा एवढ्यावर त्याचे भागते. ताज्या रहदारीच्या बाबतीत मोबाइलच सरस आहे. स्वतंत्र उपकरण घ्यावे ते दीर्घ पल्ल्याच्या, दुर्गम भागातील किंवा अनेक चालकांच्या हाती जाणाऱ्या गाडीसाठी. जिथे चालकाचा मोबाइल फोन घेण्यासाठी मोकळा राहणे आवश्यक आहे तिथेही.

उपकरणाच्या बाह्य गुणांत पडदा, आवाज आणि वीज या तीन गोष्टी पाहाव्यात. दुकानातील दिव्याखाली प्रत्येक पडदा उजळ दिसतो. खरी परीक्षा दुपारच्या उन्हात गाडीत बसून घ्यावी. पाच इंचांचा पडदा मोटारीला पुरतो, सात इंचांचा लहान गाडीत समोरचा रस्ता झाकतो. आवाजाची सूचना मराठीत वा हिंदीत मिळाल्यास चालकाला पडद्याकडे पाहावे लागत नाही, हा सुरक्षिततेचाच भाग आहे. मोटारीत १२ व्होल्टचा, तर मालमोटारीत बहुधा २४ व्होल्टचा वीजपुरवठा असतो; चार्जर दोन्हींवर चालणारा आहे ना, हे त्यावर छापलेले असते. बंद गाडीत वैशाखातल्या उन्हाने डॅशबोर्ड इतका तापतो, की लिथियम बॅटरी खराब होते आणि काचेची चिकटपट्टी सुटते. उतरताना उपकरण काढून घेणे चोरीपासूनही वाचवते. उष्णता रोखणारा धातूचा सूक्ष्म थर असलेल्या काचेमागे काही उपकरणांना संदेश नीट मिळत नाहीत. तशी काच असल्यास विकत घेण्यापूर्वी आपल्याच गाडीत चालवून पाहावे.

‘आजीवन नकाशे’ या शब्दप्रयोगातील ‘आजीवन’ ग्राहकाच्या आयुष्याशी संबंधित नसते. कंपनी त्या उपकरणाला आधार देत राहील तोपर्यंत, असा त्याचा अर्थ असतो. २०१८ मध्ये टॉमटॉमने आपल्या काही जुन्या उपकरणांसाठी नवे नकाशे बंद होत असल्याचे जाहीर केले, तेव्हा हा अर्थ पुष्कळांना प्रथमच कळला. जुने उपकरण स्वस्तात मिळत असेल, तर आणखी एक गोष्ट तपासावी. जीपीएसचे मूळ संदेश आठवडे मोजण्यासाठी दहाच अंकस्थाने वापरतात, म्हणून दर १,०२४ आठवड्यांनी गणना शून्यावर येते. असे ऑगस्ट १९९९ आणि एप्रिल २०१९ मध्ये घडले. पुढील वेळ नोव्हेंबर २०३८ मध्ये येईल. ज्या उपकरणांची आज्ञावली त्यासाठी सुधारली गेली नाही, ती जवळजवळ वीस वर्षे मागची तारीख दाखवतात. तारीख चुकलेली दिसली, की ते उपकरण परत करावे.

चुकीच्या मार्गदर्शनाचे धोके

जानेवारी २०२१ मध्ये पुणे परिसरातून कळसूबाईकडे निघालेली एक मोटार रात्रीच्या वेळी अकोले तालुक्यातील कोतूळजवळ पाण्यात शिरली. पिंपळगाव खांड धरणाच्या फुगवट्यामुळे तेथील जुना पूल वर्षातील काही महिने पाण्याखाली असतो. मोबाइलवरील नकाशाला तो पूल पूलच दिसत होता. गाडीतील दोघे वाचले, एकाचा बुडून मृत्यू झाला. स्थानिकांना ठाऊक असलेली गोष्ट नकाशात नव्हती, आणि अंधारात विचारायला रस्त्यावर कोणी नव्हते. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेली आणि बदायूँ जिल्ह्यांच्या हद्दीवर रामगंगेच्या पुलावरून एक मोटार खाली कोसळून तिघे दगावले. पुलाचा पुढचा भाग आधीच पुरात वाहून गेला होता. जुलै २०२५ मध्ये नवी मुंबईत बेलापूर येथे पुलावर जाण्याऐवजी पुलाखालच्या रस्त्याने गेलेली मोटार थेट खाडीत पडली. सागरी पोलिसांनी चालक महिलेला वाचवले. या तीन घटनांत उपग्रहांनी स्थान चुकीचे सांगितले असे दिसत नाही. पहिल्या दोहोंत नकाशा पुलाच्या अवस्थेविषयी अनभिज्ञ होता आणि तिसरीत वरचा व खालचा रस्ता यांची गल्लत झाली. रामगंगेच्या पुलाच्या तोंडाशी अडथळे उभारलेले नव्हते, ही नकाशाबाहेरची चूकही तितकीच गंभीर होती.

म्हणून उपकरणाच्या मांडणीत ‘कच्चे रस्ते टाळा’, ‘तरी टाळा’ असे पर्याय असल्यास अनोळखी मुलखात, विशेषतः रात्री आणि पावसाळ्यात, ते सुरू ठेवावेत. सर्वांत जवळचा रस्ता आणि सर्वांत कमी वेळाचा रस्ता हे दोन्ही पर्याय असतात. कोकणात व सह्याद्रीच्या पायथ्याशी जवळचा रस्ता अनेकदा एखाद्या फरशी पुलावरून जातो. निघण्यापूर्वी संपूर्ण मार्ग एकदा पडद्यावर लहान करून पाहिल्यास, तो कोणत्या गावांवरून जातो हे कळते आणि चहाच्या टपरीवर विचारताना त्या गावांची नावे तोंडी असतात.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार वाहन चालवताना हातात संपर्क साधन वापरणे धोकादायक चालवण्यात मोडते. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांनी मार्ग पाहण्यासाठी अशा साधनाच्या वापराला मुभा दिली आहे. अट एवढीच, की चालकाची एकाग्रता भंगू नये. ठिकाण टंकित करण्याचे काम गाडी उभी असतानाच करावे, हा त्याचा व्यावहारिक अर्थ. उपकरण काचेच्या खालच्या कोपऱ्यात, दृष्टीच्या रेषेखाली बसवावे.

परदेशातून उपकरण आणणाऱ्यांनी एक फरक काटेकोरपणे ध्यानात ठेवावा. केवळ संदेश ऐकणारे जीपीएस उपकरण आणि उपग्रहामार्फत संदेश पाठवूही शकणारे गिर्यारोहकांचे उपकरण हे दिसायला सारखे असू शकतात. दुसऱ्या प्रकारचे साधन परवानगीशिवाय बाळगणे भारतात बेकायदा असून, डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर त्यावरून परदेशी प्रवाशावर कारवाई झाली आहे. नातेवाइकांनी भेट म्हणून पाठवलेल्या खोक्यावर ‘संकटकाळी उपग्रहाद्वारे संदेश’ अशा अर्थाची ओळ असल्यास ते गाडीत बसवण्यापूर्वी चौकशी करावी.